वाहिनीच्या सोहळ्यात मुलीचा माईक उघडा राहावा म्हणून

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका गुरुजींनी प्रश्न विचारलाय. त्यांची मुलगी २२ वर्षांची. गावच्या भजनात वाढली, कॉलेजात असताना यात्रांच्या ऑर्केस्ट्रात मराठी आणि कानडी दोन्ही गाणी म्हणायला लागली. आता मुंबईच्या एका मराठी वाहिनीच्या संगीत पुरस्कार सोहळ्यात, नव्या आवाजांच्या भागात, तिला दीड मिनिट मिळालंय. आयोजकांचा निरोप आलाय: 'गाणं आवाजासकट रेकॉर्ड करून पाठवा, स्टेजवर फक्त ओठ हलवायचे आहेत.' मुलगी तेव्हापासून नीट जेवत नाही. गुरुजी विचारतात, मोठे गायकही असंच करतात का? आणि आपण नको म्हटलं तर हातातलं जाईल का?

गुरुजी, नमस्कार. मी बेळगावातल्या शहापूरचा. काकांच्या मंडप-स्पीकरच्या दुकानात भोंगे उचलत या धंद्यात आलो. पुढं १९ वर्षं मुंबईत ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या टीव्हीच्या गाडीत बसून टीव्हीच्या कार्यक्रमांचा आवाज मिक्स केला, त्यात पुरस्कार सोहळे पुष्कळ होते. आता परत बेळगावात आहे. तर पहिलं उत्तर: होय, मोठे गायकही ट्रॅकवर, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर, ओठ हलवतात, मी स्वतः तसे ट्रॅक लावलेत. दुसरं: तुमच्या मुलीनं तसं करू नये, आणि संधी न घालवता तिचा माईक उघडा ठेवून घेता येतो. पण त्यासाठी समोरचा माणूस 'ओठ हलवा' का म्हणतोय ते आधी कळायला पाहिजे. नुसतं अडून बसलात तर वाद होतो, आणि वादात यादीतून नाव कापलं जातं ते नव्या पोरांचंच.

आपल्याकडचे बहुतेक सोहळे ज्या दिवशी होतात त्या दिवशी दिसत नाहीत. आधी चित्रीकरण होतं, मग कापाकापी होते, मग काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ते वाहिनीवर येतं. आता समजा, गाण्याच्या मध्ये क्रेनवरचा कॅमेरा चुकला. दिग्दर्शक सांगतो, पुन्हा एकदा. गायिका दुसऱ्यांदा गाते. पण माणूस एकच गाणं दोनदा हुबेहूब गाऊ शकत नाही. पहिल्या वेळी तिनं सम गाठण्याआधी जरा रेंगाळून शब्द टाकला, दुसऱ्या वेळी सरळ टाकला. मग पहिल्या वेळचं चित्र आणि दुसऱ्या वेळचा आवाज एकमेकांवर बसत नाहीत. आपल्या टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं जातात, म्हणजे एक चित्र ४० मिलीसेकंदांचं. तीन-चार चित्रांचा फरक पडला की घरी बसलेल्या माणसाला ओठ आणि आवाज वेगळे जाणवतात. ठरलेला ट्रॅक लावला आणि गायिकेनं दोन्ही वेळा त्यावरच ओठ हलवले, तर कुठलाही तुकडा कुठंही चिकटवता येतो. एडिटिंगच्या टेबलावर बसलेल्या पोराचे दोन दिवस वाचतात. निरोप पाठवणाऱ्याच्या मनात हे असतं. तुमच्या मुलीच्या गळ्याबद्दल त्याचं काहीच मत नसतं, बहुधा त्यानं तिला ऐकलेलंही नसतं. हे तिला आधी सांगा. ती रडत असेल तर याच कारणानं रडत असेल.

दुसरं कारण वेळेचं. एक नाच संपून पुढचं गाणं लागायला मध्ये निवेदकाची दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात नवे माईक, नवं वाद्य, नवी मांडणी. अमेरिकेत ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात वाद्यवृंद चाकांच्या फळ्यांवर आधीच माईकसकट सजवून ठेवतात आणि ढकलत आणतात, एका स्टेजवर गाणं चालू असताना दुसरं स्टेज तयार होतं. संगीताचं मिक्सिंग वेगळ्या गाडीत, निवेदन आणि टाळ्यांचं वेगळीकडं. आपल्याकडं बहुतेक वेळा एकच गाडी, एकच मिक्सर, आणि दुपारी चारला संपायची तालीम रात्री आठपर्यंत लांबलेली. अशा वेळी ट्रॅक लावणं सगळ्यांत सोपं. मी त्या खुर्चीत बसलोय, त्यामुळं त्या माणसाला वाईट म्हणणार नाही.

परदेशातही थेट दाखवायची भीती आहेच. ब्रिटनच्या ब्रिट या संगीत पुरस्कारांचं १९८९ सालचं थेट प्रक्षेपण इतकं विस्कटलं की पुढच्या वर्षापासून ते आधी चित्रित करून दुसऱ्या दिवशी दाखवायला लागले. थेट प्रक्षेपण परत आलं ते २००७ साली. अमेरिकेत २००४ मध्ये फुटबॉलच्या अंतिम सामन्यातल्या गाण्यावरून गदारोळ झाला, तेव्हा आठवड्याभरानं आलेला ग्रॅमी सोहळा पाच मिनिटं उशिरानं सोडला होता, काही भलतं झालं तर कापता यावं म्हणून.

पण थेट गाण्यात काय होतं तेही बघा. २०१६ च्या ग्रॅमीत ब्रिटिश गायिका ॲडेल गात असताना पियानोतले माईक तारांवर पडले. सूर बिघडलेली गिटार कुणीतरी खाजवतंय असा आवाज घराघरात गेला. ती गात राहिली. २०१७ मध्ये दिवंगत गायक जॉर्ज मायकेलला आदरांजली देताना तिचं स्वतःचंच बिनसलं. तिनं गाणं थांबवलं, माफी मागितली, आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. त्याच रात्री मेटालिका या रॉक बँडच्या जेम्स हेटफिल्डचा माईक बंद निघाला, तर तो सोबत गाणाऱ्या लेडी गागाच्या माईकवर जाऊन तिच्या गालाला गाल लावून गायला. आणि ॲडेल त्या रात्री पाच ग्रॅमी घेऊन घरी गेली. चूक झाली, ती सगळ्या जगानं पाहिली, आणि गायिका उभीच राहिली.

याच्या उलट मिली व्हॅनिली. दोन देखण्या पोरांची पॉप जोडी. १९८९ मध्ये एका कार्यक्रमात त्यांचा ट्रॅक अडकला आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहिली. तरी १९९० च्या फेब्रुवारीत त्यांना नवोदित कलाकाराची ग्रॅमी मिळाली. नोव्हेंबरात उघड झालं की रेकॉर्डवर त्यांचा आवाजच नाही, आणि ग्रॅमी परत घेतली. तुमची मुलगी स्वतःच्याच आवाजावर ओठ हलवणार, त्यामुळं तिची गोष्ट त्यांच्यासारखी नाही, हे मला मान्य आहे. तरी नव्या गायिकेला लोक पहिल्यांदा बघतात तेव्हा एकच विचारतात, ही खरंच गाते का? त्या दीड मिनिटात तिचा माईक बंद असेल तर तो प्रश्न तसाच पडून राहतो. मोठ्या गायकाबद्दल तो प्रश्न लोकांनी वीस वर्षांपूर्वी सोडवून टाकलेला असतो, म्हणून त्याला ओठ हलवणं परवडतं.

ट्रॅकबद्दल मात्र मनात गोंधळ नको. वाद्यं ट्रॅकवर वाजली तर त्यात लबाडी नाही. युरोव्हिजन म्हणून युरोपात गाण्याची मोठी स्पर्धा असते, कोट्यवधी लोक थेट बघतात. तिथं १९९९ पासून ऑर्केस्ट्रा बंद आहे, सगळं वादन ट्रॅकवर. अलीकडं मागचे कोरसचे आवाजही रेकॉर्ड केलेले चालतात. पण मुख्य गायकाचा आवाज तिथल्या तिथं, माईकमधूनच आला पाहिजे, असा नियम आहे. माझं म्हणणं याहून वेगळं नाही. वादन तयार, गळा उघडा. आयोजकाशी बोलताना हे उदाहरण द्या, त्याला हे ठाऊक असतं.

आणि हे मागताना संकोच करू नका. १९५७ साली फिल्मफेअरच्या सोहळ्यात, संगीतकाराला पारितोषिक मिळालेलं 'चोरी चोरी'मधलं गाणं लताबाईंनी म्हणावं असं ठरत होतं. त्यांनी नकार दिला, कारण गायकासाठी तिथं पारितोषिकच नव्हतं. १९५९ पासून पार्श्वगायनाचं पारितोषिक सुरू झालं, आणि पहिलं लताबाईंनाच, 'मधुमती'तल्या 'आजा रे परदेसी'साठी. लताबाई नाही म्हणू शकत होत्या, आपली मुलगी तेवढं म्हणू शकत नाही, हे खरं. पण गाणाऱ्यानं गाण्याबद्दल अट घातली म्हणून कुणाचा सोहळा बुडालेला नाही.

आता निरोपाचं उत्तर. फोन करू नका, लिहून पाठवा, आणि तुम्ही नको, मुलीच्या नावानं जाऊ दे. साधारण असं: 'दोन फायली पाठवते. एकीत फक्त वादन, दुसरीत फक्त माझा आवाज. दोन्ही एकाच ठिकाणाहून सुरू होतात. मी प्रत्यक्ष गाईन. दोनदा चित्रीकरण झालं तर दोन्ही वेळचा माझा आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवावा, लय ट्रॅकची असल्यानं चित्र जुळेल. माईक बिघडला तर माझ्या आवाजाची फाईल वापरायला माझी हरकत नाही.' एवढंच. यात त्याच्या दोन्ही भीती मिटतात. माईक मेला तर काय, याचं उत्तर त्याच्या हातात आहे. आणि दोन वेळचं गाणं जुळेल कसं, तर ठेका ट्रॅकचा आहे, ती फक्त शब्द टाकताना रेंगाळायचं कमी करेल. दीड मिनिटासाठी तेवढी शिस्त पाळता येते. या उत्तरातलं शेवटचं वाक्य वाचून तुम्ही म्हणाल, मग तो सरळ आवाजाचीच फाईल लावेल की. लावू शकतो. पण मिक्सरवर बसणाऱ्याला मी ओळखतो, समोर चांगला जिवंत आवाज येत असेल तर त्याचा हात फाईलच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर, जात नाही. दिवसभर मेलेले ट्रॅक लावून तोही कंटाळलेला असतो.

फाईल कशी द्यायची यावर जरा थांबतो, कारण इथंच घात होतो. एकदा निपाणीकडची एक गायिका अशाच एका सोहळ्याला आली होती. ट्रॅक आदल्या दिवशी पाठवलेला. गाणं सुरू झालं आणि तिचा चेहराच बदलला. ट्रॅक वरच्या पट्टीत वाजत होता आणि पळतही होता. झालं होतं असं की गावच्या स्टुडिओनं फाईल सीडीच्या मापाची, ४४.१ किलोहर्ट्झची केली होती, आणि सोहळ्याची सगळी यंत्रणा टीव्हीच्या मापाची, ४८ किलोहर्ट्झची. मध्ये बदल न करता ती लावली तर गाणं जवळजवळ दीड अर्धस्वर वर चढतं, चार मिनिटांचं तीन मिनिटं चाळीस सेकंदांत उरकतं. तपासायचं काम आमच्या बाजूचं होतं, ते झालं नव्हतं. पोरगी तशीच चढ्या पट्टीत गायली, वरच्या षड्जाला तिची शीर फुगलेली मला मॉनिटरवर दिसली, पण सूर सोडला नाही. उतरल्यावर ती विंगेत खाली बसली आणि मला तिच्याकडं बघवेना. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: वेव्ह फाईल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टुडिओवाल्याकडून हे फाईलच्या नावातच लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर गाण्यासारखी फॉरवर्ड करू नका. पेन ड्राईव्ह दोन न्या, एक मुलीच्या पिशवीत, एक तुमच्या खिशात.

पट्टीचं तर विचारूच नका. यात्रेच्या ऑर्केस्ट्रात पोरं मोबाईलवर मिळेल तो मायनस ट्रॅक, म्हणजे गायिकेचा आवाज काढलेलं नुसतं वादन, लावतात, मूळ गायिकेच्या पट्टीतला, आणि आपल्या गळ्याला ओढत नेतात. सॉफ्टवेअरनं पट्टी एखाद-दुसऱ्या अर्धस्वरानं सरकवली तर चालून जातं, जास्त सरकवली की सनई पिपाणीसारखी वाजते. दीड मिनिटाचं वादन तिच्या पट्टीत नव्यानं करून घ्या. हार्मोनियम, तबला, एक बासरी, बस. इतका खर्च करण्यासारखा आहे, कपड्यांवरचा थोडा कमी करा.

आता इथून पुढचं मुलीला वाचायला द्या.

बाळ, तू भोंग्यासमोर गाऊन मोठी झालीस. मी ते भोंगे बांधलेत. यात्रेत मालक म्हणायचा, 'आवाज पलीकडच्या वाडीत गेला पाहिजे बघ, वाढव की,' आणि आम्ही वाढवायचो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकूच यायचा नाही, म्हणून तो ओरडायचा. आपल्या भागातल्या चांगल्या चांगल्या गळ्यांना ही सवय लागलीय. टीव्हीला ओरडणं कळत नाही. कार्यक्रमाचा सरासरी आवाज एका ठरलेल्या मापात बसवावा लागतो, एलयूएफएस नावाच्या एककात युरोपात ते उणे २३ धरतात, अमेरिकेत उणे २४. तू जोरात गायलीस तर मिक्सरवाला तुला खाली ओढणार, आणि मग गळ्यातला ताण तेवढा शिल्लक राहणार. माईक तुझ्या ओठांपासून दोन बोटांवर आहे. घरी बसलेली बाई आपल्या स्वयंपाकघरातून ऐकतेय. तिच्याशी बोलतेस त्या आवाजात गा. भजनात पहाटेच्या वेळी, माणसं पेंगुळलेली असताना, तू जशी गात असशील तशी.

माईक दांड्याला धर, जाळी मुठीत धरू नकोस. टीव्हीवर रॅप गाणारे धरतात तसं तुलाही धरावंसं वाटेल. जाळीच्या मागच्या बाजूला वाटा असतात, त्यांच्यामुळं माईक फक्त समोरचं ऐकतो. त्या झाकल्यास तर तो चारी बाजूंचं ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो. तुला नाचायचं नसेल तर वायरचा माईक माग. कॉर्डलेस दिसायला बरा, पण सोहळ्यात असे वीस-पंचवीस एकाच वेळी चालू असतात, आणि बॅटरीचा भरवसा नसतो. दीड मिनिट एका जागी उभं राहून गायला वायर काही आड येत नाही.

ट्रॅक आणि तुझा आवाज ऐकायला कानात घालायचं यंत्र देतील. दोन्ही कानांत घाल, एक काढून ठेवू नकोस. मोठ्या सभागृहात तुझाच आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. भिंत ३० मीटरवर असेल तर जाऊन यायला १७५ मिलीसेकंद लागतात, मध्यलयीत पाव मात्रेहून जास्त. त्या परत आलेल्या आवाजाच्या मागं गेलीस तर लय सुटली. कानातल्या ट्रॅकवर जा. तालमीत तीनच गोष्टी माग: माझा आवाज जास्त, हार्मोनियम थोडी, तबला त्याहून थोडा. 'सगळं वाढवा' म्हणू नकोस, सगळं वाढवलं की काहीच वाढत नाही.

साऊंड चेकला कमीत कमी एकदा पूर्ण गाणं म्हण, अर्ध्यावर थांबवलं तर विनंती करून पुन्हा म्हण. तिथं घसा राखून, पुटपुटून गाऊ नकोस. तालमीत हळू आणि रात्री मोठ्यानं गायलीस तर मिक्सरवाल्यानं लावलेलं सगळं माप फुकट जातं. तिथं कुणीतरी तुला नक्की सांगेल की तुझे उच्चार जरा गावचे आहेत, ळ जड आहे, ण जड आहे. ऐकून घे आणि आहे तसाच म्हण. मराठीच्या शेजारी कानडी बोलणाऱ्या माणसाचा ळ पक्का असतो. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या, कानडी घरातल्या कुमार गंधर्वांच्या मराठी शब्दांत तो ऐकून बघ, म्हणजे त्याला कमीपणा मानायचं कारण नाही हे तुझं तुलाच कळेल.

गुरुजी, परत तुमच्याकडं. सोहळ्याच्या रात्री तुम्ही सभागृहात असाल आणि तुम्हाला तिचा आवाज बारीक ऐकू येईल. उठून मिक्सरकडं जाऊ नका. तिच्या माईकची तार तीन ठिकाणी फुटते, एक सभागृहाला, एक तिच्या कानाला, एक बाहेरच्या गाडीला. सभागृहात बारीक असलेला आवाज टीव्हीवर पूर्ण असू शकतो. घरी एखाद्याला फोन करून विचारताही येणार नाही, कारण त्या दिवशी कार्यक्रम टीव्हीवर दिसणारच नसेल. धीर धरावा लागेल. नंतर स्टुडिओतून फोन आला आणि एखादी ओळ पुन्हा म्हणा म्हणाले तर म्हणू द्या. एखादी घसरलेली ओळ सुधारणं सगळीकडं चालतं. पूर्ण गाणं पुन्हा मागितलं तर मात्र पहिलं का नको ते विचारा.

एवढं सगळं करूनही ते म्हणाले की नाही, ओठच हलवा, तर? मग माझं मत असं की जाऊन यावं. स्वतःच्या आवाजावर, ट्रॅक चालू असताना खरोखर मोठ्यानं गावं, माईक बंद असला तरी. गळ्याच्या शिरा, श्वास, मानेची हालचाल खरी दिसते, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या दहा-बारा संगीतकारांना तो उघडा आवाज थेट ऐकू जातो. मी एका पोराला असं काम मिळालेलं बघितलंय, पहिल्या रांगेतल्या माणसानं नुसतं वाकून ऐकलं होतं.

वादनाचं रेकॉर्डिंग करण्याआधी एकदा पट्टी ठरवायला या. रविवारी सकाळी मी शहापुरात घरीच असतो. खानापूरची सकाळची एसटी पकडलीत तर दहापर्यंत पोचाल. हार्मोनियम काढून ठेवतो, वायरचा एक माईक आणि लहान मिक्सरही लावतो. तिला चहा-नाश्ता करूनच आणा. काळी चार की काळी पाच, ते तिथं ऐकूनच ठरवू.